गरमी

ओठावर फोड आला तेव्हा मी लग्न होऊन केडगावात नवीनच आले होते. खालच्या ओठावर वाटाण्याएवढा, मधे खड्डा पडलेला, कडेने टणक. नवल म्हणजे तो दुखतच नव्हता. ठेचा खाल्ला तरी झोंबत नव्हता. सासूबाईंनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि सांगून टाकलं, "गरमी हाय. अंगात उष्णता लई झालीय तुझ्या."

मग गुलकंद, सब्जाचं पाणी, टाळूला तेल. नवरा भाड्याची गाडी चालवायचा. शिर्डीची फेरी करून आला की समोर बसून मला सब्जा पिताना बघायचा. फोड आपोआप गेला आणि सासूबाईंनी गुलकंदाचा गुण गल्लीभर सांगितला.

पुढे मला दिवस गेले. त्याच सुमारास जिभेवर, गालांच्या आतून पांढुरके चट्टे उठले, तळहातांवर तांबूस डाग. पुन्हा गुलकंद. सातव्या महिन्यात बाळाची हालचाल मंदावली, तेव्हा कुठे मला नगरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं, रक्त तपासलं आणि आम्हाला समजावं म्हणून साध्या भाषेत सांगितलं, "गरमी आहे."

सासूबाई खूश. "म्या तवाच म्हनलं हुतं!"

"उन्हाळ्याची नव्हे, आजी. शरीरसंबंधातून होते ती, सिफिलिस. यावर गुलकंद चालत नाही."

सासूबाईंचा चेहरा फिरला. "कुठनं आनलीस गं?" त्यांनी मलाच विचारलं. माझा हात पोटावर होता. बाहेर उभ्या असलेल्या मुलाला विचारावं, असं त्या माउलीच्या डोक्यातही आलं नाही.

बाईंनी त्याला आत बोलावलं. "तुम्हालाही इंजेक्शन घ्यावं लागेल."

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी घेतलंय, मॅडम. हिच्या ओठाला फोड आल्ता ना, तवाच."

मला इंजेक्शन त्याच दिवशी मिळालं. बाळासाठी मात्र उशीर झाला होता. ते गेलं.

कुणी विचारलंच तर सासूबाई आजही सांगतात, "गरमी लई हुती तिच्या अंगात." तो शेजारी बसून चहा पीत असतो.