उलटी काडी

विंझरच्या अक्काबाईच्या दारातला गावठी गुलाब त्या साली शेंड्याकडून काळा पडत खाली आला. पाऊस रेंगाळला, मुळाशी पाणी साचलं, आणि दिवाळीपर्यंत दोनच फांद्या हिरव्या उरल्या.

"आये, नर्सरीतनं दुसरं आणू की," संघपाल, तिचा मुलगा, म्हणाला.

अक्काबाई हिरव्या फांद्या चाचपू लागली. तो गुलाब माहेरचा होता. माहेरचं गाव धरणात गेलं, तेव्हा लोक पत्रे-वासे टेम्पोत भरत होते आणि तिनं ओल्या पोत्यात चार काड्या गुंडाळून आणल्या होत्या. वंदनेला तथागतापुढं ठेवायची फुलं सगळी वस्ती तिच्याकडून न्यायची. कुणी मागितली की ती काडीही द्यायची. पण आता अंगणांना फरशा आल्या, आणि त्या काड्यांची झाडं गेली.

तिनं उरलेल्या फांद्यांच्या सात काड्या केल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वरून सरळ काप, खालून तिरका. टोकाला कोरफडीचा गर लावला, दह्याच्या डब्यांत वाळू-माती भरून त्या खोचल्या आणि सावलीत ठेवल्या. पंधरा दिवसांत पालवी फुटली. बाई हरखली. पण आठवड्यात पानं माना टाकू लागली. एक काडी उपसून पाहिली, तर खाली एकही मूळ नाही. काडीतल्या ओलीवरच ती पालवी आली होती. साती गेल्या.

तिचा उतरलेला चेहरा बघून संघपाल म्हणाला, "अगं, मार्गासनीला चुलतीच्या दारात आपलाच गुलाब हाय की. परवाच बघितला. लई फुलं हायती."

अक्काबाईनं हातातला डबा खाली ठेवला. तो गुलाब तिथं असणं शक्यच नव्हतं.

संघपालच्या बारशाला मोठी जाऊ कोंडाबाई चारचौघींत हसून म्हणाली होती, "हिचं म्हायेर पाण्यात. हिला साडीचोळी कोण करणार?" बायका हसल्या होत्या. पुढं वर्षभरानं कोंडाबाई मार्गासनीला राहायला गेली आणि जाताना तिनं गुलाबाची काडी मागितली. अक्काबाईनं दिली, पण तिरका काप वरच्या टोकाला आणि सरळ काप खालच्या टोकाला करून. तिरका काप मातीत घालायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक. म्हणजे काडी उलटी लागणार आणि वाळणार. त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. नंतर कधीच वाटलं नाही, आणि मार्गासनीला जायचं तिनं टाळलं.

दोन दिवस तिनं मनाशी झुंज दिली. तिसऱ्या दिवशी वडापच्या जीपमध्ये बसली.

गुलाब कोंडाबाईच्या खिडकीपर्यंत चढला होता. तोच रंग, तोच वास. कोंडाबाई ओट्यावर पावटा सोलत होती. थकली होती, पण नजर तीच.

"काडी पायजे व्हय?" तिनंच विचारलं. "संघपालनं फोन केलता."

"जाऊबाई, ही... ही लागली कशी?"

कोंडाबाईनं शेंग खाली ठेवली. "गुलाबाचा काटा खाली वाकल्याला असतो, अक्के. तुझ्या काडीचे काटे आभाळाकडं बघत व्हते. म्या काडी फिरवून लावली."

अक्काबाई ओट्याच्या कडेला टेकली. "तुमाला तवाच कळलं?"

"व्हय. का केलंस त्येबी कळलं. म्या बोलले व्हतेच तसं."

"मग इतकी वर्सं..."

"कुणाला सांगितलं न्हाई. पण इसरलेबी न्हाई." कोंडाबाईनं आतून कात्री आणून तिच्यापुढं ठेवली. "काप. तुला चांगली काडी वळखू येती."

अक्काबाईनं पाच काड्या कापल्या. माफी मागायची राहूनच गेली. चहाचं कुणी विचारलं नाही, तिनंही मागितला नाही.

पाचांतल्या दोन लागल्या. महिन्यानं डब्याच्या भोकातून पांढरं मूळ दिसलं, तेव्हा तिनं मार्गासनीला फोन लावला.

"लागल्या, जाऊबाई."

"बरं झालं," पलीकडून आवाज आला, आणि फोन बंद झाला.

अक्काबाईनं डब्यांना पाणी घातलं. पुढच्या आठवड्यात ती काही काम नसताना पुन्हा मार्गासनीला गेली. कोंडाबाई तांदूळ निवडत होती. अक्काबाईनं चप्पल काढली, समोर बसून सुपातले थोडे तांदूळ आपल्याकडं ओढले. कोंडाबाईनं वर पाहिलं नाही. सूप मात्र तिनं दोघींच्या मधोमध सरकवलं.