तंबू नेला, पेरू राहिला

आमच्या ह्यांना कॅरॅव्हॅनचा नाद लागला तो कारखान्याच्या लायब्ररीतल्या एका विलायती मासिकामुळे. गाडीला लागून कापडी मांडव, मांडवाच्या बाजूला आणखी एक छोटी कापडी खोली, आणि तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेली गोरी म्हातारी. तो फोटो ह्यांनी मला तीन दिवस दाखवला. चौथ्या दिवशी मी म्हटलं, आता बांधूनच टाका, म्हणजे एकदाची सुटेन मी.

गाडी समोरच्या क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांची. ते प्रॉडक्शनमध्ये होते, आणि त्यांनी लिलावात जुनी मेटाडोर घेऊन आत फळ्यांचे बाक ठोकले होते. आमच्या पिपलानी कॉलनीत तिला सगळे हसायचे. हे मात्र तिला कॅरॅव्हॅनच म्हणायचे.

मला मांडवाचं काही नव्हतं, पण त्या छोट्या खोलीवर माझा डोळा होता, तो सासूबाईंसाठी. सासरे गेल्यावर त्या भंडाऱ्याहून आमच्याकडे आल्या, त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत फाटकापलीकडे पाऊल नाही. गुडघे दुखायचे हे खरं, पण त्याहून मनच उठलं होतं त्यांचं. हातात सासऱ्यांची काठी, झोपतानाही उशाशी तीच. मी हात पुढे केला की म्हणायच्या, राहू दे, माझी काठी आहे. फार लागायचं मला ते. मी काय परकी होते? एकदा भाजी निवडताना मात्र बोलून गेल्या की लहानपणी वैनगंगेत रोज पाय सोडून बसायचो, आता पाण्यात पाय घालून किती वर्षं झाली कोण जाणे. तेव्हाच मी ठरवलं, ह्या बाईंना एकदा पाण्यापर्यंत न्यायचंच.

केरव्याच्या धरणावर एक रात्र राहायचं ठरलं. सासूबाई हो म्हणाल्या, पण अट घालून. कपडे बदलायला, आंघोळीला, जपाला चारी बाजूंनी बंद आडोसा हवा. नसला तर अंधार पडायच्या आत त्याच गाडीने घरी.

मग काय, अर्धा कारखाना आमच्या अंगणात अवतरला. हे डिझाइनवाले, म्हणून आधी सहा कागद भरून ड्रॉइंग झालं. शेजाऱ्यांनी पाइप कापले. आनंद नगरच्या गादीवाल्याने कनाती शिवल्या. ह्यांचे एक लखनौचे मित्र इन्स्पेक्शनमध्ये होते, ते टेप घेऊन प्रत्येक पाइप मोजत बसले. कारखान्याची रीतच तशी. माल बाहेर जाण्याआधी पूर्ण जोडून बघायचा, प्रत्येक भागावर रंगाने नंबर टाकायचा, मग खोलून यादीबरहुकूम बांधायचा. आमच्या मागच्या अंगणात तंबू उभा राहिला. जागा जरा अपुरी होती, छोट्या खोलीचा चौथा कोपरा नेमका पेरूच्या झाडावर यायचा, म्हणून तो तात्पुरता झाडालाच बांधला. लखनौवाल्यांनी पास केलं, यादीवर सही केली, दोनदा चहा झाला.

शेजारी आणि लखनौवाले बरोबर होतेच. केरव्याला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. डिसेंबरातला दिवस, ऊन कलायला लागलेलं. मांडव अर्ध्या तासात उभा राहिला आणि हे असे मिरवायला लागले की विचारू नका. मग छोटी खोली. दोन कोपरे गाडीला अडकवले, तिसरा पाइपवर चढवला आणि चौथा जमिनीवर लोळत राहिला.

पाइप शोधायला सुरुवात झाली. बाकांखाली बघितलं, टपावर बघितलं, सामान खाली काढलं. लखनौवाले यादी घेऊन पुन्हा पुन्हा सांगत होते की लिस्ट के हिसाब से सब बराबर है. ते खोटं नव्हतं. जो पाइप कधी बनलाच नाही तो यादीत येणार कुठून? कणीक मळता मळता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो, तो कोपरा पेरूला बांधला होता."

तिघेही झाड शोधायला इकडेतिकडे बघू लागले. आसपास नुसता खडक आणि वाळकं गवत, झाडाचं नाव नाही. शेजारी म्हणाले, गावात जाऊन पाइप आणतो. पण तोवर दिवस मावळला असता. सासूबाई घडीच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. त्यांनी मला त्यांची पिशवी गाडीत ठेवायला सांगितली. आज परत गेल्या तर पुन्हा कधी फाटकाबाहेर पडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ह्या तीन इंजिनियरांना एकेक धपाटा घालावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात त्यांनी ह्यांना हाक मारली. शिध्याची पत्र्याची ट्रंक कोपऱ्यात उभी करायला लावली. मग हातातली काठी पुढे केली आणि ट्रंकेच्या कडीला बांधायला सांगितली. हे घुटमळले. बाबांची काठी होती ती.

"बांध म्हटलं ना," सासूबाई म्हणाल्या.

काठीची वाकडी मूठ कनातीच्या कडीत बरोब्बर बसली. लखनौवाल्यांनी सवयीने टेप लावला, दोन इंच कमी भरलं, तरी त्यांनी निमूटपणे पास केलं.

सासूबाई आत गेल्या, लुगडं बदललं, जप केला. आता खुर्ची दाराशी ठेवावी म्हणून मी उचलली, तर त्या कनात सरकवून उभ्या. दोन्ही हात मोकळे. समोर उतार, खाली पाणी.

"काठी ड्यूटीवर आहे," त्या म्हणाल्या. "तू हात दे."

पन्नासेक पावलं असतील. माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या इतका घट्ट हात धरला होता त्यांनी. खडकावर बसून पाण्यात पाय सोडले. मला रडूच आलं, आणि मी ते लपवलंही नाही. त्या एवढंच म्हणाल्या की पाणी गार आहे, सकाळी पुन्हा येऊ.

घरी आल्यावर ह्यांनी लगोलग चौथ्या कोपऱ्याचा पाइप बनवला, नंबर टाकला, यादीत चढवला. पुढे प्रत्येक सहलीला तो आमच्याबरोबर आला. हे मोठ्या हौसेने तो पुढे करायचे आणि सासूबाई म्हणायच्या, राहू दे, माझी काठी आहे. मग मी हातातलं काम टाकून कनातीच्या दाराशी जाऊन उभी राहायची.