कुंपणावरची निर्गुडी

माण गावात माझ्या शेजारच्या खोलीत एक संशोधक भाड्यानं राहतात. घरमालकीण मावशींच्या कुंपणावरचा निर्गुडीचा पाला ते प्रयोगशाळेत नेतात आणि त्याच्या काढ्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करतात. अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू त्या पाण्यानं मरतात. "पण काचेच्या बशीत," हे ते दर वेळी जोडतात. बढाईची संधी आवर्जून वाया घालवणारा माणूस. पाला तोडण्याआधी रोज विचारणार, "घेऊ का, मावशी?"

मावशींच्या नवऱ्याच्या पायाची जखम कुठल्याच गोळीला दाद देईना, तेव्हा मावशींनी ते पाणी मागितलं.

"माणसावर तपासलेलं नाही अजून. नाही देता येणार."

"पाला आमचा, आन् औषध आमाला न्हाई व्हय?"

मग ते रोज काकांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात मलमपट्टीला नेऊ लागले. तरी शेवटी अंगठा कापावा लागला.

काका घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संशोधक कुंपणापाशी रिकामी पिशवी धरून नुसतेच उभे. विचारायला तोंड उघडेना. मावशींनीच फांदी मोडून त्यांच्या हातात दिली.

"न्या. आन् बशीतनं भाईर काढा की एकदाचं."