हॅलबी टाउनचा दुसरा चषक

रविकांत चौबळ जपानमधल्या कोबे बंदरातल्या क्रेनचं सॉफ्टवेअर तपासायचा आणि रविवारी हॅलबी टाउन या इंग्लंडमधल्या चिमुकल्या फुटबॉल क्लबची वेबसाइट सांभाळायचा, तीही फुकट. तरुणपणी तो त्या गावात नोकरीला होता. एका गारठलेल्या शनिवारी मैदानाबाहेर एकटाच उभा दिसला, तेव्हा खेळाडूंचे कपडे धुणाऱ्या आर्थरने त्याला आत ओढून चहा पाजला. तेवढ्यावर हा गडी जन्माचा त्यांचा झाला.

वेबसाइटवर 'आमचे विजय' असं एक पान होतं. त्यात जिल्ह्याचा चषक एकदाच, तोही आर्थर स्वतः खेळायचा तेव्हाचा. बाकी सगळं उपविजेतेपद, आणि एकदा 'उत्कृष्ट मैदान'.

"या पानाला राखण कशाला लागते?" स्नेहलता नवऱ्याला चिडवायची. "काही बदलतंय का त्यात?"

यंदा हॅलबी पुन्हा अंतिम फेरीत पोचलं. आर्थरचा फोन आला. "ये रे. पुढच्या खेपेला मी असेन की नाही, कुणास ठाऊक."

"येतोच!" रविकांत म्हणाला.

पण तो आठवडा नेमका ऑफिसात रिलीजचा, म्हणजे नवं सॉफ्टवेअर क्रेनवर चढवायचा. त्या दिवसांत कुणी सुट्टी मागत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच मोडायला अवघड. रविकांत साहेबांच्या, मोरी-सानच्या टेबलापर्यंत गेला आणि भलतंच काही विचारून परतला. आर्थरला कळवलं, 'सुट्टी मिळाली नाही.'

हॅलबी जिंकलं. फोटो आला. मधोमध चषक, शेजारी आर्थर आणि त्याच्या बाजूला क्लबचा मफलर घातलेली रिकामी खुर्ची. सोबत निरोप: 'खाली सगळ्यांची नावं घाल. खुर्चीपाशी तुझं. तू येणारच होतास. साहेबाला माझ्या शिव्या सांग.'

रविकांतने पानावर नवी ओळ चढवली, नावंही घातली. स्वतःचंसुद्धा.

सोमवारी डबा खाताना रविकांतच्या मोबाइलवर मोरी-सानना तो फोटो दिसला. "तुमचा क्लब? मग गेला का नाहीत?"

"रिलीज होतं ना."

"मागच्या रिलीजला मी मुलाच्या बेसबॉलच्या सामन्याला गेलो होतो की, चौबळ-सान. विचारलं असतंत तर जा म्हटलं असतं."

रविकांतने डबा बंद केला.

घरी येऊन त्याने फोटोखालचं आपलं नाव पुसलं. आर्थरच्या नावापुढची जागा तशीच मोकळी सोडली. आर्थरने ती पाहिली असणार. तो ते पान रोज उघडतो. पण कारण काही विचारलं नाही त्याने. विचारलं असतं, तर रविकांतने सांगितलं असतं.