अण्णांनी भरलेला अर्ज

आज स्टॅम्प पॅडमध्ये शाई ओतली आणि त्या वासानं जीएसटी नवा असतानाची एक दुपार आठवली. मानवतच्या याच ऑफिसात अण्णा, माझे वडील, माझी कर सल्लागार म्हणून नोंदणी व्हावी नि त्यांचं काम मी पुढं चालवावं, यासाठी ऑनलाइन अर्ज भरत होते. मला पुण्यात नोकरी लागली होती, बॅगही भरून तयार होती. माझ्या मोबाईलवर ओटीपी आला.

"सांग की आकडे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मला न्हाई ऱ्हायचं इथं."

त्यांनी मान स्क्रीनच्या आणखी जवळ नेली. शेवटी मी आकडे सांगितले. त्यांनी ते भलत्याच रकान्यात भरले.

त्यांची नजर तेव्हापासूनच जात चालली होती, हे वर्षभरानं डॉक्टरांकडून कळलं. त्या दुपारीच बोलले असते, तर मी आपणहून थांबलो असतो.