अचलपूरची थापी

तेल्हारा हे माझं शेवटचं पोस्टिंग. कागदावर ते पोस्टिंग नव्हतंच. सतरा वर्षं इन्फन्ट्रीत काढून मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि अमरावतीला राजापेठेत सहा महिने घरी बसलो. शेवटी बायकोने सरळ सांगितलं की तुम्ही सकाळी पोरींना रांगेत उभं करून फॉलइन घेता, ते आता पुरे झालं. मग अकोल्याच्या एका सिक्युरिटी एजन्सीत नाव घातलं. त्यांनी मला तेल्हाऱ्याजवळच्या कापसाच्या एका जिनिंगवर गार्ड इन्चार्ज म्हणून धाडलं. हाताखाली चार माणसं. त्यांतला फौजी एकच, नाईक प्रल्हाद तायडे, माझ्याच बटालियनचा. मला तो शेवटपर्यंत उस्तादच म्हणायचा. बाकी तिघे गावचे, अंगाने दणकट, पण कदम मिलवायला सांगितलं की एकमेकांच्या पायात पाय घालणारे.

ते दिवस वऱ्हाडात कापसाचे वाईट दिवस होते. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला गेटवरून जेवढं दिसलं तेवढंच सांगतो. खरेदी कधी चालू, कधी बंद. आज जागा नाही, उद्या कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर नाही. फाटकाबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जायची. माणसं तीन तीन दिवस गाडीखाली झोपत. अशा माणसाच्या तोंडावर फाटक बंद करायचं, हे आमचं काम होतं. मला ते कधीच आवडलं नाही, पण पगार त्याचाच होता.

रूटीन ठरलेलं. 0700 ला फॉलइन, 0730 ला गेट एक उघडायचं. भरल्या गाड्या एकवरून आत, रिकाम्या दोनवरून बाहेर. प्रत्येक गेटवर दोन माणसं, माझ्याकडे कंट्रोल, सगळ्यांजवळ वॉकीटॉकी.

सीझनच्या सुरुवातीलाच रेटारेटी झाली. गर्दीत लाठी फिरवायला जागाच मिळत नाही. आमच्या एका गार्डची लाठी कोणीतरी हिसकली आणि त्याच्याच डोक्यात घातली. तीन टाके पडले. मला तेव्हा एका जुन्या मिलिटरी पोलिसाच्या कमरेला पाहिलेली चीज आठवली. वीतभर लांब, चपटी, चामड्याची, आत शिसं भरलेलं. शर्टाखाली राहते, जवळच्या जवळ मारता येते. रविवारी एस.टी.ने अचलपूर गाठलं.

तिथे हमीदभाई बैलांचे घुंगरांचे पट्टे, चाबूक, घोड्यांचे लगाम करायचे. तीन पिढ्यांचा धंदा. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते दोनदा फिरवून पाहिलं आणि विचारलं, हे जनावरासाठी की माणसासाठी. मी म्हणालो, माणसासाठी, पण धाक म्हणून. पंधरा दिवसांनी पाच नग तयार होते. हातशिलाई अशी की टाका मोजून घ्यावा. आमच्या गार्डांनी पाहताक्षणी तिचं नाव थापी पाडलं.

नग घ्यायला गेलो तेव्हा मुठीला हमीदभाईंनी चामड्याचा छोटा पट्टा ठेवला होता. मी म्हणालो, हा मोठा करा, मनगटात आवळून बसला पाहिजे. त्यांनी मान हलवली.

"आंगठ्यात अडकवाचं हे, मनगटात नाई. कोनं ओढलं त सुटलं पाह्यजे."

आता, मी चार वर्षं कोत एनसीओ होतो. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. फौजेत हत्यार हरवणं यासारखं पाप नाही. एक रायफल कमी भरली तर सगळी पलटण जेवत नाही. हत्यार सुटलं पाहिजे, असं मला कोणी तोंडावर सांगतो म्हणजे काय? मी ऐकलं नाही. पट्टा मनगटाला येईल असाच करून घेतला, ओढला की आवळणारा. "तुमची मर्जी," हमीदभाई म्हणाले आणि आरी हातात घेतली.

कायदा नंतर विचारला. बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत. राजापेठेत आमच्या शेजारी एक वकील राहत, वडिलोपार्जित वकिली. त्यांनी थापी हातात तोलली आणि सांगितलं की शस्त्र कायद्यात हिचं नाव सापडणार नाही, लायसन्सही लागणार नाही. घरात ठेवली तर कोणी विचारणार नाही. पण कलेक्टरचा किंवा पोलीस कमिशनरचा मनाई आदेश लागला, पोलीस कायद्याचं कलम सदतीस, की इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरणं गुन्हा. लाठीसुद्धा. गार्डला लाठीची परवानगी मिळते.

"पण हवालदार, लाठी दिसते. हे तुम्ही लपवून नेणार. कोर्टाले लपवलेली वस्तू आवडत नाही, अन् लोकायले त त्याहून नाही."

मी हसलो होतो.

जानेवारीतल्या त्या सोमवारी 0815 ला ठाण्याचे जमादार चहाला आले आणि सांगून गेले की तालुक्यात मनाई आदेश लागला आहे, पंधरा दिवसांचा. ठाण्याने आम्हाला चिठ्ठी दिली, चार लाठ्यांची. थापीचा त्यात उल्लेख नव्हता. कसा असेल? आम्ही सांगितलंच नव्हतं.

प्रल्हाद माझ्याकडे आला.

"उस्ताद, थाप्या जमा कराच्या काय?"

मी घड्याळ पाहिलं. बाहेर दोनशेवर गाड्या होत्या. आदेश मला समजला होता, मी अडाणी नव्हतो. तरी म्हणालो, "आजच्या दिवस राहू दे. शर्टाखाली ठेव. पट्टा मनगटात."

"जी उस्ताद."

1110 ला मॅनेजरने वजनकाट्यावर पाटी लावली. जागा संपली, खरेदी पुढच्या सोमवारपर्यंत बंद. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. बातमी रांगेत वणव्यासारखी गेली. दोन नंबरचं फाटक, प्रल्हादचं, रिकाम्या गाड्यांसाठी उघडं होतं. लोक तिकडे वळले.

"कंट्रोल, गेट टू बोलून राह्यलो. पब्लिक वाढून राह्यली. ओव्हर."

"गेट टू, फाटक ओढून घे. ओव्हर."

"भरली गाडी मधात घुसली. फाटक लागत नाई. ओव्हर."

मी धावलो. कंट्रोलपासून गेट दोन दोनशे पावलं. प्रल्हादचा जोडीदार तोवर भिंतीला चेपला गेला होता. प्रल्हाद गाडी आणि फाटकाच्या मधल्या फटीत उभा होता. त्याची लाठी हातातून गेली होती. त्याने शर्टाखालून थापी काढली.

त्याने कोणाला मारलं नाही. हे मी कोर्टात शपथेवर सांगितलं, इथेही सांगतो. हात कमरेच्या वर गेला नाही. पण लपवलेली वस्तू बाहेर आली आणि गर्दीचा सूरच बदलला. कोणीतरी ओरडलं, याच्यापाशी हत्यार हाय. पुढे एक म्हातारा शेतकरी होता. त्याने भीतीपोटी दोन्ही हातांनी थापी धरली. मागून रेटा आला आणि म्हातारा बाजूला फेकला गेला, पण थापी त्याने सोडली नाही. प्रल्हादने मूठ उघडली. मी स्वतः पाहिलं, त्याने मूठ उघडली होती. पट्टा आवळला आणि प्रल्हाद मनगटाने चाकापुढे ओढला गेला. त्याच क्षणी बैल बुजले. भरल्या गाडीचं लोखंडी धावेचं चाक त्याच्या छातीवरून गेलं.

मधल्या गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचायला मला अर्धं मिनिट लागलं असेल. गर्दी आपोआप मागे सरली. तो म्हातारा जमिनीवर बसून नुसता हात जोडत होता. आम्ही प्रल्हादला जीपमध्ये घातलं. अकोल्याच्या रस्त्यावर त्याने एकदाच डोळे उघडले.

"उस्ताद, हत्यार हाय ना?"

"आहे," मी म्हणालो. त्याच्या मनगटालाच होतं. 1225 ला तो गेला.

दुपारी पंचनामा झाला. मॅनेजर मला बाजूला घेऊन समजावू लागला. मेलेल्या माणसावर केस होत नाही, थापी त्याची स्वतःची होती असं लिहून देऊ, तुम्ही सुटाल, जिनिंगही सुटेल. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मीही घाबरलो होतो. मला दोन मुली होत्या. खोटं कशाला बोलू, मी पाच मिनिटं विचार केला. कागदावर प्रल्हाद मनाई मोडून हत्यार आणणारा गुंड ठरला असता, आणि मी बिनडागाचा हवालदार. मग फौजदारांनी थापी टेबलावर ठेवून विचारलं, ही कोणाची?

"माझी," मी म्हणालो. "अचलपूरहून मी आणली. आदेश लागल्याचं मला माहीत होतं. जवळ ठेवायचा हुकूम मी दिला. पट्टा मनगटात घालायचाही."

बाकीच्या चार थाप्या मी स्वतः ठाण्यात जमा केल्या. केस झाली, दंड भरला, नोकरी गेली. ती शिक्षा मला फार हलकी वाटली, अजूनही वाटते.

दिवसपाणी झाल्यावर मी प्रल्हादच्या गावी गेलो. त्याची बायको शोभा ओट्यावर तूर पाखडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, हमीदभाई काय म्हणाले होते तेसुद्धा. तिने सूप खाली ठेवलं.

"त्यायनं इचारलं होतं ना तुमाले, जमा करू काय म्हनून?"

"विचारलं होतं."

"तुमी नाई म्हनले."

"हो."

"घरी माह्यं एक कदी आयकलं नाई त्यायनं," ती म्हणाली. "तुमचं सारं आयकलं." मग ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

दरवर्षी अमरावतीला आम्हा माजी सैनिकांचा मेळावा भरतो. शहीद जवानांची नावं वाचतात, प्रत्येक नावाला आम्ही सावधान उभे राहतो. प्रल्हाद त्या यादीत नाही, नियमाने असूही शकत नाही. यादी संपून सगळे बसले की मी उठतो आणि ते नाव घेतो. पहिल्या वर्षी अध्यक्ष, एक रिटायर्ड सुभेदार, खुर्चीतून वळले आणि त्यांनी विचारलं, हा जवान कोणत्या ऑपरेशनमध्ये गेला?

मी म्हणालो, "तेल्हारा, गेट नंबर दोन. माझ्या हुकमाखाली, साहेब."

सुभेदारसाहेबांनी काठी टेकली आणि ते उठून उभे राहिले.