न कापलेले हातमोजे

आमच्या वहिनीला सगळी गल्ली ‘झुरळबाई’ म्हणते, आणि हे नाव ठेवणारी मीच. तिला त्याचा राग येत नाही. “झुरळं आहेत म्हणून आपलं घर चाललंय, त्यांना नावं ठेवू नका,” म्हणते. पण त्या सकाळपासून माझ्या तोंडून ते नाव निघत नाही. काय झालं ते अजून मला खरं वाटत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

दादा अचानक गेला. रात्री नीट जेवला, सकाळी उठलाच नाही. मागे राहिलं ते बाल्कनीतलं झुरळं-किडे मारायच्या औषधांचं कुलूपबंद कपाट, पाठीवरचा फवारणीचा पंप आणि ‘कधी येताय?’ म्हणून विचारणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन. वहिनीनं एक दिवस फोन उचलला आणि “उद्या येते” म्हणाली. मी कपाळावर हात मारला. “अगं, पाल दिसली तरी तू खुर्चीवर चढतेस!” तर म्हणे, “आता पाल चढेल खुर्चीवर.”

पण नुसतं धाडस पुरत नाही. विषारी औषध मारायचं तर सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि ते माणसाच्या नावावर असतं, पंपाच्या नाही. परीक्षा द्यायची, काही वर्षांनी ती पुन्हा द्यायची, नाहीतर काम बंद. पहिल्या खेपेला वहिनी आपटली. किती पाण्यात किती औषध, या हिशोबात तिची दांडी गुल झाली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली. तेव्हा आमच्या आईनं चष्मा पुसला, प्रश्नांचं पुस्तक हातात घेतलं आणि सुनेला म्हणाली, “ऊठ. रडायचं ते पास झाल्यावर रड.”

मग काय विचारता! भाजी निवडताना प्रश्न, कपडे वाळत घालताना प्रश्न. “वारा कुठून हवा?” “पाठीमागून!” “रिकामा डबा?” “तीनदा धुवायचा, भोक पाडायचं!” मी आपली शिवणकाम करणारी बाई, पण मलाही झोपेतून उठवून विचारा, सगळं घडाघडा सांगेन. उत्तर बरोबर आलं की आई पेन्सिलीनं खूण करायची, चुकलं की हातातली पळी टेबलावर आपटायची. वहिनी पास झाली. पुढच्या खेपेलाही झाली. गल्लीत आई सांगत सुटली, “परीक्षा तिनं दिली, पण पास मी झाले.”

आणि वहिनी पुस्तकापुरती हुशार नव्हती हो. कामावरचे बूट दाराबाहेर. कपडे वेगळ्या बादलीत, ते तिचे तीच धुणार. त्या बादलीत मी एकदा फडकं भिजवलं तर तिनं माझी अशी हजेरी घेतली की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. औषधाच्या कपाटाची किल्ली गळ्यात. इतकी जपणारी बाई! म्हणून तर डोकं चालत नाही माझं.

आईची गोष्ट मात्र उलटी. तिला वस्तू टाकवत नाही. रिकाम्या बरण्या, दोऱ्या, तुटक्या चमच्यांचे दांडे, सगळं सिंकखालच्या कपाटात कोंबलेलं. वहिनी सुट्टीच्या दिवशी ते उपसून फेकायची, आणि ती फेकून वळली की आई त्यातलं निम्मं परत आणायची. आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

यंदाच्या परीक्षेच्या आठवड्यात वहिनीकडे धान्याच्या गोदामाचं मोठं काम आलं. औषध जालीम. सकाळी लवकर जायची, यायची ती डोक्यात परीक्षा घेऊन. आईला तेव्हापासून बरं नव्हतं. घाम यायचा, पोट कुरकुरायचं, हातातली कपबशी वाजायची. मी म्हटलं, वय झालं. तीही म्हणाली, वय झालं. सुनेला सांगू नकोस, परीक्षा आहे तिची.

परीक्षेच्या सकाळी आई पुस्तक घेऊन टेबलाशी बसली होती. वहिनी तिच्याकडे पाठ करून आरशासमोर केस विंचरत होती. मी डबा भरत होते.

“विषबाधेची लक्षणं सांग,” आई म्हणाली.

“डोळ्यांची बाहुली बारीक होते,” वहिनी कंगवा फिरवत म्हणाली. “घाम सुटतो. तोंडाला पाणी सुटतं. पोटात कळा. हात थरथरतात. अंधुक दिसतं.”

“बरोबर,” आई म्हणाली आणि रुमालानं तोंड पुसलं. “पुढचं तूच वाच बाई. मलाच आज अंधुक दिसतंय.”

वहिनीचा हात केसांतच थांबला. आरशात तिचं तोंड मला दिसत होतं, ते पांढरंफटक पडलं. ती वळली, आईची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. लख्ख उजेड, आणि आईच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

“आई, पोटात कळा येतात?”

“येतात थोड्या.”

“तोंडाला पाणी?”

“अगं, आता तू माझी परीक्षा घेतेस का?” आई हसली. तिच्या हातातली पेन्सिल टेबलावर टकटक वाजत होती. ती मुद्दाम वाजवत नव्हती.

मी किंचाळलेच. “वहिनी, तुझ्या त्या मेल्या औषधानं केलं हे! काय आणलंस घरात?” ती आईपुढे वाकली. “आई, कशाला हात लावलात? सांगा. मी रागावणार नाही. कशाला हात लावलात?” एवढंच विचारत राहिली. आई लहान मुलीसारखी सिंककडे बघायला लागली.

सिंकखाली, बरण्यांच्या मागे, पातेल्यात लपवून ठेवलेले होते. हिरवे, कोपरापर्यंतचे, जाड रबराचे हातमोजे. वहिनीनंच आठवड्याच्या सुरुवातीला कचऱ्यात टाकलेले. एकाच्या मनगटाशी चीर होती आणि तिच्यावर आईनं चिकटपट्टी लावली होती.

“चांगले होते गं,” आई म्हणाली. “भांडी घासून माझी बोटं फुटतात. तू कामाला गेलीस की घालायचे.”

ती चीर होती म्हणूनच वहिनीनं ते टाकले होते. औषध आत उतरलं होतं. बाहेरून तिनं धुतले होते, आतून कोण धुतो? आणि आई ते घालून रोज गरम पाण्यात भांडी घासत होती. मी मटकन खुर्चीत बसले.

वहिनी बसली नाही. आईचे कपडे उतरवले, हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. बाल्कनीतलं कपाट उघडून त्या औषधाच्या डब्यावरची नावाची चिठ्ठी सोलून घेतली. टॅक्सीत मी म्हटलं, “तुझी परीक्षा?” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

दवाखान्यात तिनं डॉक्टरीणबाईंच्या हातात ती चिठ्ठी ठेवली. त्यांनी वाचली आणि पळतच आत गेल्या. सुया, नळ्या, मशीनची टिकटिक. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाल्या, “वेळेत आणलंत. वाचतील. पण हे औषध त्यांच्या हाताला लागलं कसं?”

मी पुढे झाले. खोटं बोलायला माझी जीभ तयारच होती. म्हणणार होते, म्हातारीनं चुकून कपाट उघडलं. कारण मला दिसत होतं ना, खरं सांगितलं तर प्रमाणपत्र जातं, आणि प्रमाणपत्र गेलं तर घर कशावर चालायचं? पण वहिनी आधी बोलली.

“माझ्यामुळे. जुने हातमोजे कापून टाकायचे असतात, कुणी परत वापरू नयेत म्हणून. मी ते तसेच टाकले.”

“गप्प बस ना गं!” मी तिचा दंड धरला.

“कळवावं लागेल मला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“कळवा,” वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्राच्या कचेरीतले साहेब दवाखान्यातच आले. भला माणूस, आवाजही चढवला नाही त्यानं. विचारलं, “नियम माहीत नव्हता का?” वहिनी म्हणाली, “पाठ आहे.” मग तिनं पर्समधून प्रमाणपत्राचं ओळखपत्र काढून दिलं. चौकशी होणार, तोवर काम बंद, आणि मग जमलं तर सगळं पहिल्या परीक्षेपासून. साहेब गेल्यावर ती बाकावर बसून राहिली. तिच्यावर ओरडावं की तिला जवळ घ्यावं, मला कळेना. शेवटी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

संध्याकाळी आईला बोलायची परवानगी मिळाली. डोळे पुन्हा डोळ्यांसारखे दिसत होते. पहिला प्रश्न, “पेपर कसा गेला?”

“दिला नाही,” वहिनी म्हणाली.

“अगं, मी काय मरत होते का?”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आईला कळलं. तिनं सुनेचा हात धरला, तळव्यावरून अंगठा फिरवला.

“आई,” वहिनी म्हणाली, “तो हातमोज्यांचा प्रश्न. तुम्हीच मला विचारायचात ना?”

“दर वेळी विचारला. दर वेळी तू बरोबर सांगितलंस, कापून टाकायचे. मी खूणही केली.” आईचा आवाज खरखरीत होता, पण स्पष्ट होता. “आणि दर वेळी मनात म्हटलं, बरं आहे बाई, ही नुसतं म्हणते, कापत नाही.”

“दर वेळी?” वहिनी म्हणाली. “आई, म्हणजे हे पहिलेच नव्हेत?”

आई छताकडे बघायला लागली.